फळांचं पाणी आणि चुऱ्याचं मोहन

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात सफरचंदाच्या क्रंबलची कृती दिली होती. ज्यांच्या हाताशी तो अंक नाही त्यांच्यासाठी ती आधी थोडक्यात देतो. क्रंबल म्हणजे तळाशी फळांच्या फोडी, त्यांवर लोणी चोळलेल्या पिठाचा जाडाभरडा चुरा, आणि दोन्ही एकत्र भाजलेलं. सात-आठ इंची पसरट भांड्यात चार-पाच जणांपुरतं करायचं तर सोलून चिरलेलं फळ ६०० ग्रॅम, साखर ३ मोठे चमचे, लिंबाचा रस १ मोठा चमचा आणि कॉर्नफ्लोअर २ छोटे चमचे. चुऱ्यासाठी मैदा १२० ग्रॅम (साधारण एक कप), गार लोणी ७५ ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, चिमूटभर मीठ. ओव्हन १८० अंश सेल्सिअसवर आधी तापवून घ्यायचा आणि ३५ ते ४० मिनिटं भाजायचं. बाहेर काढल्यावर १५-२० मिनिटं हात लावायचा नाही. तेवढ्या वेळात रस आळतो.

पत्रं बरीच आली. कुणाचा रस पातळ राहिला, कुणाचा चुरा भिजला, कुणाच्या चुऱ्याला रंगच आला नाही. मुळाशी गेलं तर यातल्या बहुतेक तक्रारी पाण्याच्या आहेत: फळाला पाणी किती सुटलं आणि ते गेलं कुठे. त्यामुळे पुढच्या उत्तरांत पाण्याचा विषय पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न: आमच्याकडे ओव्हन नाही. कढईत मीठ पसरून केक करतो तसंच क्रंबल केलं. फळं छान शिजली, पण वरचा चुरा पांढराच राहिला आणि ओलसर लागला. कुकरमध्ये करून पाहावं का? (एक वाचिका, सोलापूर)

उत्तर: केकला कढई चालते, कारण केक आतून फुगून शिजला की काम झालं, वरून जरा फिका राहिला तरी बिघडत नाही. क्रंबलची सगळी मजा वरच्या थरात असते आणि कढईत धग येते खालून. फळांची वाफ वर जाते, झाकणाला लागते आणि थेंब होऊन पुन्हा चुऱ्यावर पडते. चुरा ओला आहे तोवर त्याचं तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही, आणि पिठाला तांबूस रंग व खमंग वास यायचा तर ते १४०-१५० अंशांपर्यंत तापावं लागतं. आणखी तासभर ठेवलं असतं तरी चुरा वाफवलेलाच राहिला असता.

कोकणात धोंडस करताना ही अडचण फार पूर्वीच सोडवलेली आहे. तवशाचा (मोठ्या काकडीचा) कीस, तांदळाचा रवा आणि गूळ यांचं मिश्रण मंद निखाऱ्यांवर ठेवायचं आणि झाकणावरही निखारे पसरायचे, म्हणजे वरची बाजूही खरपूस होते. गॅसच्या शेगडीवर ही सोय नाही. म्हणून आमचा सल्ला असा की फळं आणि चुरा वेगवेगळे करा आणि वाढताना एकत्र आणा.

चुऱ्यासाठी जाड बुडाची पसरट कढई घ्या. मैदा, मीठ आणि लोणी बोटांनी चोळून घ्या, पण साखर अजून घालू नका. ती वितळून तळाला चिकटते. मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं भाजायचं. पहिल्या चार-पाच मिनिटांत लोणी वितळतं आणि सगळं ओलं, गिचका झाल्यासारखं दिसतं. इथेच बहुतेकजण आच वाढवतात आणि चुरा करपतो. आच तशीच ठेवा. उलथनं तळाखाली सरकवून उलटत राहा, घोटू नका, म्हणजे गोळ्या मोडणार नाहीत. लोण्यातलं पाणी उडायला लागलं की बारीक चुरचुर ऐकू येते, मग ती थांबते, आणि लाडवाचं बेसन भाजताना येतो तसा वास सुटतो. रंग फिक्या बिस्किटासारखा झाला की लगेच ताटात पसरा. कढईतच राहू दिला तर बुडाच्या धगीने आणखी दोन मिनिटांत कडवट होतो. कोमट झाल्यावर जाडसर साखर मिसळा. पूर्ण गार झाल्यावर तो कुरकुरीत होतो, त्यामुळे गरम असताना मऊ लागला म्हणून पुन्हा आचेवर नेऊ नका.

फळं दुसऱ्या भांड्यात एक मोठा चमचा लोण्यावर परता, साखर आणि लिंबाचा रस घाला, झाकण ठेवून पाच मिनिटं आणि झाकण काढून पाच-सात मिनिटं शिजवा. या पद्धतीत कॉर्नफ्लोअर लागत नाही, कारण वाफ उघड्यावर निघून जाते आणि रस आपोआप दाट होतो. वाटीत आधी गरम फळं आणि वर चुरा, तोही खायच्या क्षणी.

कढईतच भाजायचा हट्ट असेल तर फळं चुऱ्याशिवाय २५ मिनिटं ठेवा, वर सांगितल्याप्रमाणे भाजलेला चुरा शेवटच्या दहा मिनिटांसाठी घाला, झाकणाला सुती पंचा बांधा आणि झाकण किंचित तिरकं ठेवा. पंच्याची टोकं वर घेऊन गाठ मारा. आचेजवळ लोंबता कामा नयेत. रिकामी, कोरडी तापवायची कढई नॉनस्टिकची नसावी.

कुकरमध्ये मात्र करू नका. शिट्टी आणि रबर काढून वाळूवर भाजण्याची पद्धत अनेक घरांत आहे, पण कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कुकरमधलं पाणी संपून तो फाजील तापला की वितळावा, असाच बनवलेला असतो. कोरड्या भाजणीत तो खराब होऊ शकतो, आणि मग त्याच कुकरमध्ये वरण-भात लावणं धोक्याचं.

प्रश्न: महाबळेश्वरहून आणलेल्या स्ट्रॉबेरीचं क्रंबल केलं. सफरचंदाचंच प्रमाण घेतलं होतं. खाली अक्षरशः सार झालं आणि चुरा त्यात बुडाला. (एक वाचक, पुणे)

उत्तर: १०० ग्रॅम स्ट्रॉबेरीत ९० ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. सफरचंदातही ८५ ग्रॅम असतंच, पण सफरचंदाची फोड ते धरून ठेवते आणि स्ट्रॉबेरी लगेच सोडते. काकडीला मीठ लावून ठेवलं की काय होतं ते आठवा. साखरही तेच करते. तुम्ही साखर लावून फळं बाजूला ठेवली आणि मग चुरा करायला घेतला असेल, तर अर्धं पाणी ओव्हनमध्ये जाण्याआधीच सुटलं होतं.

६०० ग्रॅम स्ट्रॉबेरीला कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे घ्या, म्हणजे सफरचंदाच्या तिप्पट. ते साखरेत कोरडंच मिसळा, आणि चुरा तयार होऊन ओव्हन तापल्यावरच फळांना लावा. लहान फळं अख्खी ठेवा, मोठ्यांचे दोनच तुकडे करा. जितके काप जास्त तितकं पाणी जास्त. धुतल्यावर कापडावर पसरून कोरडी करा आणि देठ धुतल्यानंतर काढा, आधी काढला तर त्या खळग्यातून पाणी आत शिरतं.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं: कॉर्नफ्लोअर नुसतं गरम होऊन आळत नाही, रस उकळायला हवा. वरून रंग आला म्हणून २५ मिनिटांत बाहेर काढलं तर खाली पांढरट, पिठूळ पाणी मिळेल. भांड्याच्या कडेला पाहा. सुरुवातीचे बुडबुडे लहान आणि भराभर फुटणारे असतात. रस तयार झाला की ते मोठे, संथ आणि चकचकीत होतात, गुळाचा पाक उकळताना दिसतात तसे. ते दिसेपर्यंत काढू नका. चुरा फार लाल होत असेल तर वर फॉइल नुसती टेकवून ठेवा.

रस आधीच सुटलेला असेल तर फेकू नका. गाळून घ्या, छोट्या भांड्यात निम्मा होईपर्यंत आटवा आणि परत फळांवर घाला. दोन सफरचंदं किसून मिसळली तरी बराच फरक पडतो, कारण सफरचंदातल्या पेक्टिनमुळे (फळातल्या, रस आळवणाऱ्या घटकामुळे) रस धरला जातो. फ्रीझरमधली स्ट्रॉबेरी असेल तर ती वितळवू नका, गोठलेलीच घाला आणि वेळ दहा मिनिटांनी वाढवा.

प्रश्न: सगळ्या कृती सफरचंद आणि बेरीच्याच असतात. आपल्याकडची कुठली फळं अशी भाजता येतात? चिकू, पेरू, आंबा, संत्रं? (एक वाचिका, नागपूर)

उत्तर: हा प्रश्न आम्हांला सर्वांत आवडला. भाजायच्या फळात तीन गोष्टी पाहायच्या: आंबटपणा आहे का, शिजल्यावर फोड राहते का, आणि उष्णतेने चव बिघडत तर नाही ना. पहिली नसेल तर लिंबाने भरून काढता येते, दुसरी नसेल तर वेळ कमी करून. तिसरी बिघडत असेल तर मात्र ते फळ सोडून द्यावं.

कैरीपासून सुरुवात करू, कारण आमच्या मते क्रंबलसाठी आपल्याकडचं सगळ्यांत चांगलं फळ तेच. कैरी, गूळ आणि वेलची म्हणजे गुळांबाच. त्यावर खमंग चुरा आला की आंबट, गोड आणि कुरकुरीत असं तिन्ही एका घासात मिळतं. बाठा धरण्याआधीची कोवळी कैरी नको, जून आणि घट्ट हवी. सोललेल्या ५०० ग्रॅम फोडी, करंगळीएवढ्या जाड, आधी पाव वाटी पाण्यात झाकून चार-पाच मिनिटं शिजवा. सुरी टोचल्यावर सहज आत जायला हवी, पण फोड मोडता कामा नये. मग २०० ग्रॅम चिरलेला गूळ घाला. हा क्रम बदलू नका. गूळ आधी पडला तर फोडी आकसतात आणि कितीही शिजवल्या तरी चिवट राहतात. गुळाचं पाणी होईल, ते मधाइतकं दाट होईपर्यंत आटवा, वेलची आणि दोन चिमटी मीठ घालून भांड्यात काढा आणि गार होऊ द्या. गरम फळांवर चुरा घातला तर त्यातलं लोणी ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळतं. चुऱ्यातली साखर इथे निम्मी, ३० ग्रॅम. फळ आधीच शिजलेलं असल्यामुळे २५ मिनिटं पुरतात.

पिकलेला हापूस भाजू नका. त्याचा वास हीच त्याची किंमत आहे आणि ओव्हनमध्ये पहिल्यांदा तोच जातो. घरात आंबे असतील तर क्रंबल दुसऱ्या फळाचं करा आणि हापूसच्या गार फोडी वाढताना बाजूला ठेवा.

चिकू गोडच गोड असतो, आंबटपणा जवळजवळ नाहीच. त्यामुळे एकट्या चिकूचं क्रंबल दोन घासांनंतर नकोसं होतं. निम्मा चिकू आणि निम्मं अननस किंवा सफरचंद असं घ्या, साखर एकच चमचा आणि लिंबू दोन मोठे चमचे. भाजल्यावर चिकूला काकवीसारखी खोल गोडी येते, तिच्याबरोबर जायफळ फार छान लागतं. पूर्ण पिकलेलाच चिकू घ्या; कच्चट चिकूचा तुरटपणा आणि चीक भाजून जात नाही.

पेरूचं पेक्टिन भरपूर, त्यामुळे रस सुंदर आळतो. अडचण बियांची. चार फाका करून मधला बियांचा गर चमच्याने काढा, तो थोड्या पाण्यात शिजवून गाळा आणि तो दाट रस फोडींवर घाला. मग कॉर्नफ्लोअरची गरज नाही. फोडी मात्र आधी आठ-दहा मिनिटं शिजवून घ्या, नाहीतर चुरा लाल होईल आणि पेरू करकरीतच राहील. आतून गुलाबी पेरू मिळाला तर रंगही खुलतो.

केळं लवकर गळतं. सालीवर ठिपके आलेलं पण अजून घट्ट असलेलं घ्या, बोटभर जाडीच्या चकत्या करा, साखर नको, लिंबाचा रस हवा. भाजायला वेळ कमी द्यायचा असल्यामुळे वर आधीच भाजलेला चुरा घाला आणि एकूण १२-१५ मिनिटं द्या.

अननस उत्तम. आतला कडक दांडा काढा, तुकडे लहान करा आणि आधी कोरडेच परतून पाणी उडवा. कच्च्या अननसात ब्रोमेलिन नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं, त्याने दूध, दही, साय कडवट होतात. शिजल्यावर ते निकामी होतं. म्हणून भाजलेल्या अननसावर कस्टर्ड घाला, पण सजावटीला कच्चा तुकडा ठेवू नका. अंजीर, मिळाली तर ताजी पुरंदरची, अर्धी कापून, वर थोडा मध आणि २० मिनिटं, एवढंच.

आता न भाजण्याची फळं. सीताफळाचा गर तापवला की कडू होतो, त्यामुळे तो फक्त गार, वरून. संत्र्याच्या फोडींची पातळ सालही भाजल्यावर कडवट आणि चिवट लागते. तुमच्याकडच्या संत्र्याचा उपयोग वेगळा करा. सालीचा फक्त वरचा केशरी भाग किसून चुऱ्यात घाला आणि लिंबाऐवजी रस वापरा. पपई फिकी पडते. कलिंगड, खरबूज विसरा.

प्रश्न: मैद्याऐवजी कणीक आणि लोण्याऐवजी घरचं तूप चालेल का? किती घ्यायचं? (एक वाचक, धुळे)

उत्तर: चालेल, पण तेवढ्यास तेवढं नाही. बाजारच्या लोण्यात ८० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, बाकी मुख्यतः पाणी. तूप म्हणजे जवळजवळ सगळा स्निग्धांश. म्हणून ७५ ग्रॅम लोण्याच्या जागी ६० ग्रॅम तूप आणि एक ते दोन छोटे चमचे गार दूध. तूप थिजलेलं, रवाळ हवं. पातळ तूप पिठाच्या प्रत्येक कणाला सारखं माखतं आणि चुरा वाळूसारखा होतो, गोळ्या बनतच नाहीत. उन्हाळ्यात वाटी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. तुपाचा चुरा लोण्याच्या चुऱ्यापेक्षा जास्त खुसखुशीत, नानकटाईच्या जातीचा होतो. तो आम्हांला कैरी आणि चिकूवर अधिक आवडतो, सफरचंदावर लोण्याचाच.

कणकेचा प्रश्न चवीचा आहे. नुसती कणीक घातली तर चुऱ्याला कच्च्या पोळीचा वास राहतो. ९० ग्रॅम कणीक आणि ३० ग्रॅम बारीक रवा मंद आचेवर पाच-सहा मिनिटं कोरडे भाजा, ताटात पसरून पूर्ण गार करा आणि मगच तूप चोळा. पीठ कोमट असताना घाई केली तर थिजलेल्या तुपाचा काहीच उपयोग राहत नाही. लोणी खारं असेल तर वेगळं मीठ घालू नका.

प्रश्न: माझा चुरा एकदा चिक्कीसारखा कडक झाला आणि एकदा नुसतं कोरडं पीठ राहिलं. (एक वाचिका, सांगली)

उत्तर: करंजी, शंकरपाळ्यांना मोहन घालता ना, तेच इथे करायचं आहे, फक्त कितीतरी जास्त. मोहन चोळलेलं पीठ मुठीत दाबल्यावर मुटका वळला पाहिजे आणि अंगठ्याने ढकलल्यावर फुटला पाहिजे. वळलाच नाही तर स्निग्धांश कमी, भाजल्यावर पीठच राहणार. एक-दोन छोटे चमचे गार दूध शिंपडून काट्याने हलकं ढवळा. वळला पण फुटत नाही, नुसता चेपला जातो, तर लोणी वितळलंय. परात २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

चोळायचं बोटांच्या टोकांनी, तळहात लावायचा नाही. दोन्ही हातांत थोडं थोडं पीठ उचलून अंगठा बोटांवरून पुढे सरकवत खाली सोडत जायचं. लोण्याचे काही तुकडे तुरीच्या डाळीएवढे, काही वाटाण्याएवढे राहिले की थांबा. सगळं एकसारखं बारीक झालं तर भाजल्यावर सपाट पापुद्रा बनतो.

चिक्की होण्याची कारणं दोनच. एकतर साखर जास्त, किंवा चुरा फळांवर दाबून बसवला. हाताने सैल पसरा. मधे मधे फटी राहू द्या, तिथूनच फळांची वाफ बाहेर पडते. फटी नसल्या तर ती चुऱ्यात मुरते आणि खालची बाजू लगदा होते.

प्रश्न: इथे दुकानात शिजवायची म्हणून ब्रॅम्ली सफरचंदं मिळतात. भारतात करायचे तसंच केलं तर सगळ्याचा गर झाला आणि फार आंबट लागलं. (एक वाचिका, लेस्टर, इंग्लंड)

उत्तर: ब्रॅम्लीचा तो स्वभावच आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातल्या साउथवेलची ही जात. आंबटपणा इतका की कच्चं खाववत नाही, आणि शिजताच फोड विरघळून मऊ गर होतो. इंग्लिश घरांत तो गरच हवा असतो. तुम्हांला फोडी हव्या असतील तर निम्मी ब्रॅम्ली आणि निम्मी खायची सफरचंदं, ब्रेबर्न किंवा कॉक्स, असं मिश्रण घ्या. नुसत्या ब्रॅम्लीला ६०० ग्रॅमला १०० ग्रॅमपर्यंत साखर लागते, लिंबू अजिबात नाही.

याची उलट बाजू इथल्या वाचकांनीही लक्षात घ्यावी. इंग्लिश कृतीतली साखर बहुधा ब्रॅम्लीच्या हिशेबाने असते. काश्मीर-हिमाचलची लाल गोड सफरचंदं घेऊन तेवढीच साखर घातली तर पदार्थ मुरंब्याइतका गोड होतो. आपल्याकडे साखर निम्म्यावर आणा आणि लिंबू सोडू नका.

प्रश्न: मायक्रोवेव्ह आणि एअर फ्रायर दोन्ही आहेत. कशात करू? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: साध्या मायक्रोवेव्हमध्ये चुऱ्याला रंग येत नाही, कारण तो मुख्यतः पदार्थातलं पाणी तापवतो. कन्व्हेक्शनची (गरम हवेने भाजायची) सोय असेल तर १८० अंशांवर आधी तापवून खालच्या जाळीवर ४० मिनिटं. नसेल तर फळं मायक्रोवेव्हमध्ये पाच-सहा मिनिटं शिजवा आणि चुरा कढईत भाजा.

एअर फ्रायरमध्ये १६० अंशांवर १८ ते २२ मिनिटं, भांडं दोन-तृतीयांशच भरायचं. पंख्याच्या जोराने सैल चुरा उडतो, म्हणून गोळ्या जरा मोठ्या करा आणि पहिली दहा मिनिटं फॉइल भांड्याच्या काठाखाली घट्ट दुमडून लावा. सैल फॉइल उडून वरच्या कॉइलला चिकटते. फळं पूर्ण शिजवूनच घाला, कारण वरचा रंग इथे फार लवकर येतो. छोट्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) वरची तापणारी कांडी जवळ असते. २० मिनिटांनी फॉइल टेकवा.

प्रश्न: उपवासाला असं काही करता येईल का? (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर: राजगिऱ्याचं पीठ ६० ग्रॅम, भाजलेल्या दाण्यांचं जाडसर कूट ६० ग्रॅम, थिजलेलं तूप ४५ ग्रॅम, बारीक चिरलेला गूळ ५० ग्रॅम. कुटाला स्वतःचं तेल सुटतं म्हणून तूप कमी. रस आळायला कॉर्नफ्लोअरऐवजी शिंगाड्याचं पीठ, तेवढंच. गूळ साखरेआधी करपतो, त्यामुळे ओव्हन १६० अंशांवर ठेवा आणि २५ मिनिटांनी पाहा. राजगिऱ्यात ग्लुटेन (गव्हातलं, पीठ बांधून ठेवणारं प्रथिन) नाही, हा चुरा गार झाल्यावर लगेच मऊ पडतो. केला की खा. कुठलं फळ आणि कुठला मसाला उपवासाला चालतो हे ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे.

प्रश्न: काचेचं भांडं नाही. ॲल्युमिनियमचा केकचा डबा चालेल का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर: भाजायला चालेल, ठेवायला नाही. आंबट फळ त्यात रात्रभर राहिलं तर धातूची चव उतरते आणि डब्याला खड्डे पडतात. कैरी, स्ट्रॉबेरी असेल तर आतून बटर पेपर लावा. स्टीलचं पसरट भांडं अधिक चांगलं, फक्त पातळ असेल तर खाली एक ताट ठेवा म्हणजे तळ करपणार नाही. लोखंडी कढईत सफरचंद काळं पडतं. आणि ज्यांच्याकडे काचेचं आहे त्यांनी ते फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नये, तडकतं.

प्रश्न: हळदीकुंकवाला २५ जणींसाठी करायचं आहे. आदल्या दिवशी काय करून ठेवता येईल? (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर: प्रमाण पाचपट करा, पण भांडं पाचपट खोल करू नका. फळांचा थर चार सेंटीमीटरच्या वर गेला की मधला रस उकळत नाही. दोन-तीन पसरट ट्रे घ्या आणि एका वेळी एकच भाजा. घरच्या ओव्हनमध्ये दोन ट्रे एकावर एक ठेवले तर खालच्याला रंग येत नाही.

कच्चा चुरा दोन दिवस आधी करून बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवता येतो, फ्रीझरमध्ये महिनाभर. फ्रीझरमधला वितळवायचा नाही, गोठलेलाच पसरायचा. खरं तर असाच जास्त चांगला होतो. सफरचंद, पेरू, कैरी आदल्या दिवशी शिजवून गार करून फ्रिजमध्ये ठेवा. स्ट्रॉबेरी आणि केळं त्याच दिवशी. भाजलेलं क्रंबल रात्रभर ठेवलं तर चुरा रस पितो. १६० अंशांवर दहा-बारा मिनिटं गरम केलं की बराचसा सावरतो, मायक्रोवेव्हमध्ये गरम केला तर चामट होतो.

वाढायला दाट साय, नाहीतर पातळसर कस्टर्ड: अर्धा लिटर दुधाला दीड मोठा चमचा कस्टर्ड पावडर, तीन मोठे चमचे साखर. पावडर आधी गार दुधात कालवून घ्या. कस्टर्ड बाजूने ओता, चुऱ्यावरून नको.